भगिनी मंडळाची पाणपोई

ही गोष्ट खरी आहे. कोणाला थाप वाटली तर वाटो, मी शपथा वाहत बसणार नाही.

जिच्यावर हे बेतलं ती शकुन, माझ्या आईची आई. पण मी तिला इथं आजी म्हणणार नाही. तेव्हा ती जेमतेम विशीची सून होती, कडेवर तान्ही पोर होती, आणि घरात तिला आवाज नव्हता.

गावाचं नावही सांगणार नाही. तेल्हाऱ्याच्या बाजूचं आहे, एवढं पुरे. त्या लोकांची नातवंडं अजून तिथं मानानं राहतात. आपले आजोबा कसे होते हे ऐकायची चांगल्या घरांना सवय नसते.

भुताच्या गोष्टीत रात्र असते. अमावस्या असते, कुत्री रडतात.

इथं त्यातलं काही नाही.

भर दुपार होती. गुढीपाडव्याची.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि वर इंग्रज होता. कापसाच्या पैशावर गावात नवा टाऊन हॉल उभा राहिला होता. दगडी पायऱ्या, उंच छत, आत रंगमंच. हॉल झाला आणि मंडळांचं पीक आलं. पत्ते कुटायला पुरुषांचा क्लब. हौशी लोकांचं नाट्य मंडळ. बायकांचं भगिनी मंडळ. गावात मुतारी नव्हती, पण तीन अध्यक्ष होते.

भगिनी मंडळाच्या अध्यक्ष होत्या जयवंताबाई, शकुनची सासू. क्लबचे अध्यक्ष खुशालराव वकील. दोघांनी मिळून ठरवलं की हॉलच्या दारात पाणपोई घालायची.

कल्पना चांगलीच होती. तो भाग खारपाणाचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, ओठ चरचरतात. गोडं पाणी आणायचं तर डोंगराच्या पायथ्यापासून बैलगाडीनं. बाजाराला आलेला गरीब माणूस खारंच पिऊन परत जायचा. त्याला गोडं पाणी मिळणार म्हणजे पुण्यच की.

पण पुण्य नुसतं करून भागत नाही ना. ते दिसलंही पाहिजे.

म्हणून अकोल्याहून एक बडे साहेब बोलावले. त्यांनी फीत कापायची, पहिला पेला स्वतः प्यायचा, मग पाणपोई सुरू. रांजण काठोकाठ भरले. पाण्यात वाळा टाकला. रांजणांच्या गळ्यात झेंडूच्या माळा आणि तोंडावर लाल फीत. पितळेचं लांब दांड्याचं ओगराळं शकुनच्या हातात, कारण ती अध्यक्षीणबाईंची सून. तिची पोर मैना मागे सतरंजीवर निजलेली.

साहेबांची मोटार वाटेत बंद पडली.

ऊन चढत गेलं. आत क्लबात अकोल्याहून भुशात घालून आणलेली बर्फाची लादी होती. लिंबाचं सरबत फिरत होतं. भगिनींनाही पेले आले. शकुनला तर दोन मिळाले, अंगावर पिणारं लेकरू आहे म्हणून.

तेव्हा ती बाई आली.

डोक्यावर मोहफुलांची टोपली. पाय पांढरे फटक, धुळीनं. धारणीकडच्या डोंगरातून बाजाराला उतरली असावी. असावीच म्हणायचं, कारण तिला कोणी विचारलं नाही.

"माय... पानी दे वं. घोटभर."

शकुननं ओगराळं उचललं.

जयवंताबाईंनी तिचं मनगट धरलं.

"काय करून राहिली तू? फीत सुटली नाही अजून."

"आत्याबाई, तिचा गळा सुकला पाहा ना. बोलता येऊन नाही राहिलं तिले."

"मंग? साहेबायच्या आधी इनं प्यायचं का? रांजण उष्टा होते ना! उष्टं पानी पाजतं काय त्यायले?" मग त्या बाईकडे वळून, सभेत बोलावं तशा गोड आवाजात म्हणाल्या, "बस वं बाई तिथं. आलेच साहेब. मंग पोटभर पे."

एवढंच.

कोणी तिला मारलं नाही. शिवी दिली नाही. 'बस' म्हणाले. मला या माणसांची किळस येते ती याचमुळे. काठी घेऊन धावले असते तर ती उठून दुसरीकडे तरी गेली असती.

ती खालच्या पायरीवर बसली. तिथं सावली नव्हती. मोहाच्या टोपलीवर माशा बसत होत्या. ती रांजणाकडे बघत होती. शकुन ओगराळ्याकडे बघत होती.

मग ती बाई एका अंगावर कलंडली.

हॉलचा चौकीदार ताहेर धावला. तिच्या नाकाशी हात धरून ओरडला, "मालक, जान है अभी!"

खुशालराव पेला हातात घेऊनच बाहेर आले. त्यांनी डोकं खाजवलं.

"मागं ने तिले. आडाचं खारं पानी पाज. इथं दारात बरं नाही दिसत."

ताहेर आणि नाट्य मंडळाचा एक गडी तिला उचलून रंगमंचामागच्या खोलीत घेऊन गेले. ताहेर बादली घ्यायला वळला.

आणि मोटारीचा भोंगा वाजला.

"ताहेर! मोटारीचं दार उघड. ताहेर, सतरंजी. ताहेर, हारायचं तबक!"

ताहेर परत मागे जाऊ शकला नाही.

जाण्याआधी गड्यानं तिच्यावर नाटकाचा एक पडदा टाकला होता. साहेब रंगमंच बघायला आत आले तर दिसायला नको. पडद्यावर नदी रंगवलेली होती. निळी, कमळांची, हंसांची.

समारंभ झोकात झाला. साहेबांनी फीत कापली, चांदीच्या पेल्यातून पाणी प्याले आणि 'वा' म्हणाले. टाळ्या. मग सगळे आत. खुशालराव बोलायला उभे राहिले. तहानलेल्याला पाणी पाजणं हाच खरा धर्म, असं काहीतरी ते आळवून आळवून सांगत होते. वरून कीर्तन, आतून तमाशा.

शकुन रंगमंचाच्या कडेला उभी होती.

तिला ऐकू आलं...

टक्...

मागच्या खोलीतून. भिंतीपलीकडून.

टक्... टक्...

कोरडी जीभ टाळूला चिकटते आणि सुटते, तेव्हा होतो तो आवाज. तुम्हीही करून बघा. तोंड कोरडं असलं पाहिजे मात्र.

शकुननं सासूकडे पाहिलं. सासू तिच्याकडेच बघत होती. तिनंही ऐकलं होतं.

जयवंताबाई खुर्चीत पुढे सरकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "टाळ्या वाजवा ना वं बायांनो!"

सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. शकुननंही. ओगराळं काखेत धरून.

टाळ्या थांबल्या तेव्हा मागे काही ऐकू येत नव्हतं.

पेढे वाटून झाले, मोटार गेली, तेव्हा कुठे ताहेर मागे गेला. तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून बसला. शकुननं दारातून आत पाहिलं.

बाई मेली होती. डोळे उघडे होते. जीभ बाहेर होती.

जीभ निळी होती.

पडद्यावरच्या नदीत हातभर पांढरा डाग पडला होता. तिनं नदी चाटली होती.

कोतवालानं तिला बेवारस म्हणून नेलं. टोपली मागेच राहिली, मोहफुलं आंबली, तेव्हा ताहेरनं ती उकिरड्यावर टाकली. क्लबात त्या संध्याकाळी नेहमीसारखे पत्ते पडले.

त्याच संध्याकाळी घरी शकुननं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

वास आला.

आधी वाळ्याचा. मग त्याच्याखालून दुसरा... आंबलेल्या मोहाचा. गोड आणि घाण. उलटी झालेल्या तोंडाला येतो तसा.

तिनं तांब्यात पाहिलं. पाण्यात एक तार तरंगत होती. लाळेची. निळसर.

तिनं तांब्या फेकला. दुसरा भरला. त्यातही तार. माठातून, हंड्यातून, शेजारच्या घरातून. तीच तार... तोच वास.

"अहो, पाहा ना याच्यात," ती नवऱ्याला म्हणाली.

गोवर्धननं पाहिलं, पिऊन टाकलं. "चांगलं तर आहे. तुले कावून असं होऊन राहिलं?"

घरातल्या कोणालाच वास येत नव्हता. जयवंताबाई जेवताना तांब्याभर पाणी घटाघट प्यायच्या आणि वर ढेकर द्यायच्या. खुशालराव ठणठणीत होते. साहेबांना पुढं बढती मिळाली म्हणे. मला याचा फार राग येतो. भूत तरी न्यायानं वागेल की नाही? पण ते धरतं लाज असलेल्या माणसाला. निर्लज्जांच्या वाटेला तेही जात नाही.

चैत्राचं ऊन. शकुन पाण्यावाचून किती दिवस काढणार? नाक दाबून घोट घ्यायची, तो उलटून पडायचा. ताक, उसाचा रस, सगळ्यात तार. भाकरीबरोबर कांदा आणि काकडी चघळून ती जिवंत राहिली. ओठ फुटले. डोळे खोल गेले.

आणि अंगावरचं दूध आटलं.

मैना रडायची. छातीला तोंड लावायची, ओढायची, सोडून पुन्हा रडायची. गाईचं दूध पाजलं तर ओकायची. वैद्याची मात्रा झाली, नजर उतरवून झाली. एखादी ओली बाळंतीण बघू या, असं गोवर्धन म्हणाला, तर जयवंताबाईंनी हात झटकला. "कोनत्याबी जातीचं दूध आपल्या घरात नाही चालत."

पोरीची टाळू खाली बसली. रडण्याचा आवाज बारीक होत गेला. पोर हातची चालली हे शकुनला दिसत होतं.

पाणपोईवर मात्र गर्दी होती. भगिनी मंडळाचं नाव झालं होतं.

आखाजी आली, म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडे आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. गोडं पाणी, वर आंबा. एकेकाचं नाव घेऊन धार सोडायची, म्हणजे त्यांना वर्षभराचं पाणी पोचतं.

शकुननं एक घागर जास्त काढली.

"ही कोनाची?" जयवंताबाईंनी विचारलं.

"त्या बाईची."

सासूनं घागरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाव काय तिचं?"

शकुननं घागर छातीशी धरली.

"कोन गावची? कोनाची कोन? नावावाचून धार कोनाले पोचते वं? ठेव ती घागर खाली. वेड लागलं का तुले?"

तिचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. बसायला सांगितलं होतं, नाव कोण विचारतो?

दुपारी सगळे जेवून आडवे झाले. शकुननं घागर डोक्यावर घेतली, मैनाला कडेवर घेतलं आणि ती मागच्या दारानं निघाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पोर रडतही नव्हती आता. मान टाकून होती.

टाऊन हॉलच्या पुढच्या खोलीत क्लबचे लोक वाळ्याच्या ओल्या ताट्यांआड पत्ते खेळत होते. हसण्याचा आवाज येत होता. मागच्या बाजूला ताहेर बसला होता. त्यानं घागर पाहिली आणि उठून उभा राहिला.

"बहूजी, अंदर मत जाव. मैं बी नहीं जाता."

"दरवाजा उघडा भाऊ."

त्यानं कडी काढली आणि तो दूर जाऊन उभा राहिला.

आत अंधूक होतं. एक झरोका, त्यातून पडलेला उन्हाचा पट्टा. लाकडी तलवारी, दाढीमिशा, मोडकं सिंहासन. आणि भिंतीला टांगलेला तो पडदा.

शकुननं पडद्याकडे पाहिलं.

पाडव्याला हातभर डाग होता. आता...

आता नदी अर्धीच उरली होती.

कमळं गेली होती. हंस गेले होते. खालचं सगळं कापड पांढरं पडलं होतं, आणि ओलं होतं. ताजं ओलं.

टक्...

पडद्याच्या मागून.

टक्... टक्...

वास इतका दाट होता की तिनं पदर तोंडात कोंबला. पळावंसं वाटत होतं. पण पळून जायचं कुठे? मरायला टेकलेली पोर घेऊन त्याच घरात?

तिनं घागर उतरवली. नाव नव्हतं, म्हणून ती नुसती म्हणाली, "माय, पे वं."

आणि धार सोडली.

धार जमिनीवर पडली नाही.

घागरीतून पाणी निघत होतं, खाली येत होतं, आणि वीतभर अंतरावर नाहीसं होत होतं. फरशी कोरडी ठाक. आवाजही नाही. घागर हलकी होत गेली... आणखी हलकी... शेवटचा थेंब गेला.

सगळं शांत झालं.

शकुन तशीच उभी होती. आता काय होईल ते होवो, असं तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की कडेवरची पोर हलते आहे.

मैनानं मान उचलली होती. तोंड पडद्याकडे वळवलं होतं. ओठांचा चंबू झाला होता. गाल आत जात होते, बाहेर येत होते...

पोर पीत होती.

समोर काही नव्हतं. नुसती हवा. आणि तिच्या गळ्यातून घोट उतरत होते. शकुनला हाताला जाणवत होते. गटक्... गटक्...

ओठांच्या कडेनं दूध ओघळलं. दाट. पांढरं नव्हतं, निळसर होतं. त्याला मोहाचा तोच घाण वास होता.

शकुननं पोरीला मागे ओढलं. पदरानं तिचं तोंड खसाखसा पुसलं. तिला तिथंच उलटी झाली. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त पडलं.

मैना रडली. कितीतरी दिवसांनी मोठ्यानं रडली. आणि रडता रडता पडद्याकडेच झेपावू लागली, हात पुढे करून.

पलीकडे क्लबात कोणीतरी डाव जिंकला. टाळ्या वाजल्या.

शकुननं डोळे मिटले. श्वास कोंडला.

आणि लेकराला पुढे केलं.

त्यानंतर पाऊस पडेपर्यंत ती रोज दुपारी तिथं जात होती. घागर घेऊन, पोर घेऊन. ताहेर कडी काढायचा. घरी तिनं सांगितलं की देवळात जाते. मैना बाळसं धरू लागली. हा आपल्या वैद्याच्या मात्रेचा गुण, असं जयवंताबाई भगिनी मंडळात सांगत फिरल्या.

शकुनच्या पाण्यातली तार गेली. वास मात्र मरेपर्यंत गेला नाही. ती नाक दाबूनच पाणी प्यायची. लहानपणी मी ते पाहिलं आहे. आम्ही पोरं हसायचो.

मैना म्हणजे माझी आई.

लग्नाच्या आदल्या दिवशी आजीनं तिला हे सगळं सांगितलं. आईनं विचारलं, "तुले किळस नाही आली वं, मले तिच्यापुढं धरताना?"

"आली ना. रोज यायची. तुझं तोंड पाह्यलं की उमासे यायचे मले, तुझा मुका नाही घेतला मी कितीक दिवस." आजीनं पदर नाकाला लावला. "आमी तिले घोटभर पानी नाही देल्लं. अन् तिनं इचारलंबी नाही, लेकरू कोनाचं हाये म्हून."

आई आता खूप म्हातारी झाली आहे. सगळं विसरते. कधी कधी मलाही ओळखत नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालं.

पण उन्हाळ्यात, दुपारी ती झोपली की मी खोलीत जात नाही. एकदा गेलो होतो.

ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. ओठांचा चंबू झाला होता. गाल आत जात होते, बाहेर येत होते... आणि गळ्यातून घोट उतरत होते.

उशीवर ओल होती. मी वाकून वास घेतला नाही.